आमच्याकडेच या की!

मराठीत ‘या की एकदा घरी’ याचा अर्थ ‘निघा आता’ असा होतो, हे मला कोणी शिकवायची गरज पडली नाही. डोंबिवलीत वाढलेल्या मुलाला ते दुधाच्या दातांबरोबरच येतं. जिन्यात भेटलेल्या माणसाला आपण ‘या की’ म्हणतो, तो ‘येऊ की’ म्हणतो आणि दोघंही समाधानाने आपापल्या दाराला आतून कडी लावतो. इतकी पक्की तालीम झालेला माणूस इंग्लंडात बारा वर्षं काढून शेवटी याच खड्ड्यात पाय घालतो, म्हणजे दोष खड्ड्याचा नाही.

आम्ही स्विंडनला राहतो. लंडनहून पश्चिमेला, रेल्वेने तासाभराच्या वाटेवर. इथे रेल्वे इंजिनांचा मोठा कारखाना होता. १८४३ साली सुरू झाला, १९८६ मध्ये बंद पडला. आता गावाची ख्याती उरली आहे ती ‘मॅजिक राउंडअबाउट’ नावाच्या चौकापुरती. एका मोठ्या गोलाभोवती पाच छोटे गोल, असा हा प्रकार १९७२ पासून माणसांना चकवतो आहे. नवखा ड्रायव्हर त्यात शिरतो झोकात आणि बऱ्याच वेळाने बाहेर पडतो तो ज्या रस्त्याने आला त्याच रस्त्यावर. पुढच्या हकिगतीचा हा नकाशा समजा.

नोव्हेंबरातला एक रविवार. मी मागच्या अंगणात पडलेली पानं गोळा करत होतो आणि कुंपणापलीकडे आमचे शेजारी इंजिनवाले आजोबा तेच करत होते. त्यांची उमेदीची वर्षं त्या कारखान्यात गेली. कारखाना बंद पडला, आजोबांचं वेळापत्रक अजून चालू आहे.

“पूर्वी डिसेंबरात या गल्लीत कॅरल गाणारे यायचे,” आजोबा म्हणाले. “कंदील घेऊन, दारोदार. आता कोणी येत नाही.” आणि त्यांनी सुस्कारा सोडला.

सुस्काऱ्याला उत्तर द्यायचं नसतं. आपणही एक सुस्कारा सोडायचा, म्हणजे हिशेब पुरा होतो. पण त्या दिवशी माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे.

“आमच्याकडेच या की! सगळ्या गल्लीला बोलावू. खाऊ, पिऊ, गाऊ!”

“हाऊ लव्हली,” आजोबा म्हणाले.

मी ते होकार म्हणून घरात घेऊन आलो. आमची कन्या, जिचा जन्मच इथला, तिने डोक्याला हात लावला.

“बाबा, हाऊ लव्हली म्हणजे विषय संपला. मागच्या वर्षी तू त्यांना भरली कारली नेऊन दिलीस तेव्हापण ते हाऊ लव्हलीच म्हणाले होते.”

“मग?”

“त्यांच्या कुत्र्यानेसुद्धा खाल्ली नाहीत.”

पण तोवर वेळ टळली होती. दारातून आत येता येताच मी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहून मोकळा झालो होतो : शनिवार, २१ डिसेंबर, संध्याकाळी सात वाजता आमच्या घरी कॅरल पार्टी, सर्वांनी यावे. आता ‘सर्वांनी यावे’ हे वाक्य लग्नपत्रिकेत शोभतं, कारण तिथे हॉल भाड्याचा असतो. आमची बैठकीची खोली बारा बाय चौदा. त्यातलं निम्मं सोफ्याने खाल्लेलं.

आमच्या गल्लीचा हा ग्रुप एरवी एकाच विषयाला वाहिलेला आहे : उद्या कचऱ्याचा कुठल्या रंगाचा डबा बाहेर ठेवायचा. अधूनमधून नऊ नंबरचे गृहस्थ ‘माझ्या दारासमोर कोणी गाडी लावली आहे?’ असं विचारतात, तेवढाच काय तो ललित मजकूर. त्या दिवशी मात्र संध्याकाळपर्यंत तेवीस अंगठे वर झाले. नऊ नंबरचा तेवढा नव्हता.

“किती माणसं येतील?” बायकोने विचारलं.

“पाच-सहा. हे लोक कुठे जातात कुणाकडे?”

“आणि आपले?”

आपले! आपल्या लोकांना न बोलावता नाताळ केला तर त्याचं बोलणं संक्रांतीच्या तिळगुळापर्यंत पुरलं असतं. म्हणून गावातल्या मराठी मित्रमंडळींना फोन केले. प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच : “जेवण आहे, की नुसतंच गाणं?” एका काकूंनी कळवलं, “आम्ही येऊ, पण गाणार नाही. ह्यांचा घसा धरलाय.” दुसऱ्या काकांनी परस्पर पेटी आणि तबल्याची सोय लावून टाकली. डोंबिवलीहून आई म्हणाली, “थंडीत बाहेर गाऊ नकोस, घसा बसेल.” मग थोडं थांबून म्हणाली, “तसा तुझा उभा होता कधी म्हणा.”

गाणी निवडायचं काम मी स्वतःकडे घेतलं आणि तिथेच घात झाला. मला गाणं येत नाही. ज्याला गाणं येत नाही तो गाण्याची माहिती काढतो. चार रात्री जागून मला शोध लागला की नाताळातली अर्धी गाणी मुळात नाताळाची नाहीतच. ‘जिंगल बेल्स’ घ्या. जेम्स पियरपॉन्ट या अमेरिकन माणसाने ते १८५७ साली छापलं. त्यात येशू नाही, मेरी नाही, चांदणी नाही. एक तरुण मुलीला घेऊन बर्फावरच्या घोडागाडीतून हिंडायला निघतो आणि गाडी उलटते. ‘गुड किंग वेन्सेस्लास’मधला राजा बाहेर पडतो तो २६ डिसेंबरला, म्हणजे नाताळ उरकल्यावर. त्याचे शब्द १८५३ चे आणि चाल १५८२ च्या एका संग्रहातली, वसंत ऋतूच्या गाण्याची. ‘हार्क! द हेराल्ड’ची चाल मेंडेल्सोनने १८४० मध्ये बांधली ती छपाईचा जनक गुटेनबर्ग याच्या सन्मानासाठी. छापखान्याच्या समारंभाचं स्वागतगीतच म्हणा ना.

“म्हणजे नाताळाचं एकही गाणं नाताळाचं नाही?” बायको.

“‘सायलेंट नाइट’ आहे ना. १८१८ साली, ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावात, नाताळच्या आदल्या रात्री पहिल्यांदा गायलं. गिटारवर.”

“मग ते एक ठेव आणि झोप.”

पण मी ‘ट्वेल्व्ह डेज ऑफ ख्रिसमस’ला पोचलो होतो. त्यात प्रियकर बारा दिवस रोज भेटी पाठवतो, आणि आदल्या दिवसाच्या भेटीही दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवतो. कॅल्क्युलेटर घेऊन बेरीज केली. एकूण ३६४ भेटी! त्यातले नुसते पक्षीच १८४.

“१८४ पक्षी?” बायको उठून बसली. “आणि घाण कोण काढणार?”

“शिवाय गवळणी, नाचणाऱ्या बायका, उड्या मारणारे सरदार, पिपाणीवाले, ढोलवाले, मिळून १४०.”

“१४० पानं! आणि ती मुलगी त्याला हो म्हणाली?”

ते गाण्यात दिलेलं नाही. तिची समजूत घालावी म्हणून मी सांगितलं की १६४७ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने नाताळ साजरा करायलाच बंदी घातली होती. ती उशीत तोंड खुपसून म्हणाली, “मग उठवली कशाला?”

गाण्यांचे कागद छापायचे होते. आमच्या घरात पाठकोरा कागद फेकणं हे पाप आहे. वडिलांनी कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब लिहिले, मी गणपतीत छापून उरलेल्या आरत्यांच्या पाठीवर कॅरल छापले. एका बाजूला जागा किती असणार? प्रत्येक गाण्याचं पहिलं कडवं मावलं. पुढची कडवी कोणाला तरी येत असतीलच, इंग्रजांचीच तर गाणी आहेत, असा माझा हिशेब. हा हिशेब नीट लक्षात ठेवा.

आता पेयपान. नाताळात इथे ‘मल्ड वाइन’ करतात. तांबडी वाइन मंद आचेवर ठेवायची, त्यात दालचिनी, लवंग, जायफळ, संत्र्याची साल आणि साखर. थोडक्यात, काढा. आमच्या आजीने हेच आयुष्यभर आम्हाला नाक दाबून पाजलं, फक्त मुख्य घटक तिला माहीत नव्हता. तर सहा बाटल्यांची वाइन स्लो-कुकरमध्ये घातली आणि त्यावर इंग्रजीत झोकदार चिठ्ठी लावली. मुलांसाठी आणि न घेणाऱ्यांसाठी बायकोने मोठ्या पातेल्यात काळ्या द्राक्षांचा रस, सुंठ, गवती चहा आणि तोच सगळा मसाला घालून उकळलं. आपल्या काकू लोकांनी शंभर वेळा विचारू नये म्हणून त्या पातेल्यावर तिने मराठीत ठळक लिहिलं : ‘यात दारू नाही’.

खाण्याचं सांगतो. मिन्स पाय या पदार्थात खिमा नसतो. पूर्वी असायचा, आता नुसते मनुके, बेदाणे आणि मसाला. पण नावात ‘मिन्स’ आहे म्हटल्यावर एका काकूंनी खोक्यावरची बारीक अक्षरं चष्मा पुसून वाचली आणि त्यांना ‘स्यूइट’ हा शब्द सापडला. स्यूइट म्हणजे काय ते फोनवर शोधलं. गाईची चरबी! मी ‘व्हेजिटेबल स्यूइट’वर बोट ठेवून दाखवलं, पण तोवर त्यांनी खोकं ओट्याच्या अशा टोकाला सरकवलं होतं की तिथून ते फक्त खालीच जाऊ शकत होतं. गेलं.

पण मी पुढे पळालो. काकू आल्या सव्वाआठला. त्याआधी सात वाजले होते.

सातच्या ठोक्याला बेल वाजली. दार उघडलं तर बाहेर पावसाच्या भुरभुरीत अख्खी गल्ली रांगेत उभी. सर्वांत पुढे इंजिनवाले आजोबा, हातात घड्याळ. इंग्रज माणूस सातला बोलावल्यावर सातला येतो, ही गोष्ट मला माहीत होती. सगळे येतात ही नव्हती. आमच्याकडे बूट बाहेर काढायची पद्धत. ती त्यांनी इतक्या सज्जनपणे पाळली की पाच मिनिटांत एकोणीस माणसं मोज्यांवर उभी. सात नंबरच्या तरुण वकिलाच्या डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. तो बिचारा रात्रभर उजवा पाय डाव्यावर ठेवून करकोच्यासारखा उभा होता.

गाणारे मात्र कोणी नव्हते. मराठी मंडळींना फोन केला. “निघालोच,” उत्तर आलं. मागे बादलीत पाणी पडल्याचा आवाज होता.

पावणेआठला समोरच्या गल्लीतलं गोंयकार जोडपं आलं. स्विंडनमध्ये गोव्याची माणसं हजारोंनी आहेत. बरीचशी पोर्तुगीज पासपोर्टवर इथे आलेली. नाताळ म्हणजे काय हे या गावात खऱ्या अर्थाने कोणाला कळत असेल तर त्यांना. बाईंच्या हातात नेवऱ्या, दोदोल आणि कुलकुलांचा डबा, बाबांच्या खांद्याला गिटार. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. एकोणीस मोजेवाले, एकोणीस कागदी बशा, चाललेली एकच चर्चा : यंदा पाऊस जरा जास्तच.

“पात्रांव,” ते माझ्या कानात म्हणाले, “गावपी खंय?”

गाणारे सव्वाआठला अवतरले. पेटी, तबला, दोन काका, तीन काकू, चकल्यांचा डबा आणि झांजा. पेटी बैठकीवर मांडली गेली. मी ‘करायची का सुरुवात?’ म्हणालो तर थोरले काका दचकलेच. “अशी कशी? प्रास्ताविक नको?”

मराठी माणूस विनाप्रास्ताविक जेवूही शकत नाही. मी उभा राहिलो. सांगायचं एवढंच होतं की या, बसा, गाऊ या. पण चार रात्रींची माहिती आत खदखदत होती. मी म्हणालो, स्विंडनपासून गाडीने अर्ध्या तासात बुश्टन नावाचं खेडं लागतं. तिथला थॉमस स्टीफन्स नावाचा मुलगा मिशनरी म्हणून १५७९ मध्ये गोव्याला गेला, तिथली भाषा शिकला आणि त्याने मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं. ते १६१६ साली छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या! तुमच्या शेजारच्या गावचा मुलगा आमच्या भाषेत ओव्या रचून बसला, आणि मी तिकडून इकडे येऊन अजून ‘वूस्टरशर सॉस’ म्हणताना जीभ चावतो. इथे लोक हसले. हसले म्हणून मी पुढे बोलत राहिलो. ‘हार्क! द हेराल्ड’चे शब्द चार्ल्स वेस्लीने छापले १७३९ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी चिमाजी अप्पांनी वसई घेतली त्याच वर्षी, हा योगायोग सांगताना माझा आवाज कापला. वसईच्या तटाला सुरुंग लावायला मी सुरुवात करणार तोच इंजिनवाल्या आजोबांनी हळूच बायकोला विचारलं, “गाणी आज आहेत ना?”

प्रास्ताविकानंतर सत्कार. गल्लीतल्या सर्वांत ज्येष्ठ चौदा नंबरच्या आजीबाई. वय अठ्ठ्याऐंशी. काकांनी त्यांना शाल पांघरली आणि हातात नारळ ठेवला. आजीबाईंनी नारळाचं वजन तोललं, खोलीभर पाहिलं आणि विचारलं, “कशाला मारायचा?” काकांना काही उलगडा होईना. इथल्या जत्रांमध्ये नारळ रांगेत मांडून चेंडूने पाडायचा खेळ असतो, आणि आजीबाईंनी तरुणपणी त्यात बक्षिसं मिळवली होती. शालीबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. नारळ मात्र त्यांनी रात्रभर खाली ठेवला नाही आणि त्यांच्याजवळ बसायला कोणी धजावलं नाही.

मग गाणं. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधला कॅरल समारंभ १९१८ पासून चालत आलेला. तिथे पहिलं गाणं एका मुलाने एकट्याने सुरू करायचं असतं, आणि तो मान कोणाला ते ऐनवेळी ठरतं. किती उदात्त परंपरा! मी मुलांकडे वळून विचारलं, “कोण सुरू करणार?” पुढच्या दहा सेकंदांत सहाही मुलं आमच्या एकुलत्या एक बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावून बसली. ती बाहेर येईपर्यंत एका काकांची जी अवस्था झाली ती उदात्त नव्हती.

तीन नंबरच्या बाई शाळेत संगीत शिकवतात. त्यांनी पेटीवाल्यांना आदराने विचारलं, “कोणत्या कीमध्ये?”

“काळी एक,” पेटीवाले म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर केलं : “ब्लॅक वन.” कन्या मागून ओरडली, “सी शार्प!”

“सी शार्प मेजर?” बाईंचा चेहरा उतरला. “त्यात सात शार्प असतात!”

“असू देत,” पेटीवाले म्हणाले, “आम्ही सांभाळून घेतो.”

‘सायलेंट नाइट’ सुरू झालं. तबलजींनी दोन मात्रा ऐकल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. “अहो, हा तर दादरा!” खरोखरच सहा मात्रांत ते गाणं असं बसलं की ओबर्नडॉर्फला कोणी तबलजी असता तर त्या रात्री गिटारची गरजच पडली नसती. पेटीवाल्यांनी मधल्या जागा हरकतींनी भरून काढल्या. गोंयकार बाब गिटारवर डोळे मिटून संयमाने वाट बघत होते. आणि शांत रात्रीच्या शेवटी, सगळं निजानीज झाल्यावर, तबलजींनी तिहाई टाकली.

पहिलं कडवं संपलं. दुसऱ्यासाठी सगळ्यांनी कागद उलटला.

मला वाटलं होतं, पुढची कडवी इंग्रजांना येत असतील. आता कळलं की त्यांचंही आपल्यासारखंच आहे. आपण नाही का, आरतीचं पहिलं कडवं खणखणीत म्हणतो, दुसऱ्यात शेजाऱ्याच्या ओठांकडे बघतो, तिसऱ्यात नुसती टाळी. आणि जे म्हणतो त्यातही पिढ्यान्‌पिढ्या गणपतीच्या कमरेचा नाग फळीवर नेऊन बसवतो. त्यांनीही कागद उलटला, देवनागरी पाहिली आणि तीन नंबरच्या बाई भारावून म्हणाल्या, “अरे वा! दुसरं कडवं तुमच्या भाषेत? हाऊ लव्हली!”

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत काकांची नजर कागदावर पडली. मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर आरती आली, समोर पेटी-तबला असला आणि हातात झांज असली, की मेंदूला विचारायची पद्धत नाही. केरवा लागला. काकूंच्या ह्यांचा धरलेला घसा सुटला. आणि मघाशी तोंडातल्या तोंडात पुटपुटणारे एकोणीस इंग्रज खणखणीत टाळ्या वाजवू लागले, कारण शब्द येत नसले तरी चालतील असं गाणं त्यांना त्या रात्री पहिल्यांदाच मिळालं होतं. ओळीने तीन आरत्या झाल्या. चौथीला मी मध्ये पडलो.

नाहीतरी काढ्याचा अंमल तोवर चांगलाच दिसू लागला होता. एरवी दोन वाक्यांत हवामान आटोपणारे वकीलसाहेब काकूंना स्वतःच्या मोडलेल्या लग्नाची गोष्ट सांगत होते. चौदा नंबरच्या आजीबाई बायकोबरोबर फुगडी घालत होत्या, नारळ काखेत. माझेही चार कप झाले होते आणि खोली संथ फिरत होती. “जपून,” इंजिनवाले आजोबा पातेल्याकडे बोट दाखवून सर्वांना बजावत होते, “हे भारतीय मसाले चढतात.”

“आता दारोदार!” मी घोषणा केली.

दिवाळीचा आकाशकंदील काठीला बांधला, पेटी गळ्यात अडकवली, तबलजींनी झांजा घेतल्या, आणि भुरभुर पावसात आमची पालखी गल्लीत निघाली. दोन नंबरच्या दाराशी थांबलो. बेल वाजवली. कोणी उघडेना. पुन्हा वाजवली.

“अहो,” मागून दोन नंबरच्या बाई म्हणाल्या, “मी इथे आहे.”

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की जिच्या दारात जाऊन गायचं ती सगळी गल्ली मी माझ्याबरोबर घेऊन निघालो होतो. प्रत्येक दाराला कुलूप, प्रत्येक खिडकीत अंधार. आपल्याकडे असतं तर मंडळी ‘चला, झालं’ म्हणून चकलीकडे परतली असती. पण इंग्रज माणूस पद्धतीला पक्का. दोन नंबरच्या बाईंनी किल्ली काढली, आत गेल्या, दार लावून घेतलं, दिवा लावला. आम्ही बेल वाजवली. त्यांनी दार उघडलं, दोन्ही हात गालांवर ठेवले आणि किंचाळल्या, “अगबाई! कॅरलवाले!” आम्ही एक कडवं गायलो. त्यांनी टाळ्या वाजवल्या, दिवा मालवला, कुलूप लावलं आणि येऊन आमच्यात उभ्या राहिल्या.

तीन नंबर, पाच नंबर, सात नंबर, प्रत्येक दारी हेच. दर घरी एक माणूस पुढे पळायचा, आत जाऊन आश्चर्यचकित व्हायचा आणि परत पालखीत. वकीलसाहेबांनी तर आत जाऊन नाइट-गाउन चढवला आणि झोपमोड झाल्याचा अभिनय केला. मोजेही बदलून आले. इंजिनवाले आजोबा दार उघडून आमच्याकडे बघत इतका वेळ उभे राहिले की आम्ही दुसऱ्यांदा गायलो. त्यांच्याकडचं आश्चर्य नाटकी वाटलं नाही. चौदा नंबरच्या आजीबाई आत गेल्या त्या आल्याच नाहीत. बेल वाजवून थकलो तेव्हा वरच्या खिडकीतून घोरण्याचा आवाज ऐकू आला.

उरलं नऊ नंबर. तिथे मात्र दिवा होता.

“नको,” कन्या म्हणाली.

पण पेटीवाल्यांना कोण आवरणार? त्यांनी सूर धरलाच. दार उघडलं. नऊ नंबरचे गृहस्थ, स्लिपर, हाताची घडी. आम्ही ‘सायलेंट नाइट’चं पहिलं कडवं कसंबसं संपवलं. तिहाई तबलजींनी गिळली.

“पुढे?” ते म्हणाले.

आम्ही सवयीने कागद उलटले. आरत्या. कोणी घसा खाकरला, कोणी आकाशकंदिलाची वात पाहिली, जी बॅटरीची होती. मग त्या गृहस्थांनी हाताची घडी तशीच ठेवून दुसरं कडवं सुरू केलं. मग तिसरं. खर्जात, न अडखळता, दारातल्या पायपुसण्यावर उभं राहून. गोंयकार बाब तेवढे खालून गिटारचा एकेक सूर देत राहिले. संपल्यावर त्यांनी खिशातून एक पाउंडाचं नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं.

“टेनर खाली उतरत होता,” माझ्याकडे बघून ते म्हणाले आणि दार लावलं.

मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी टेनर म्हटलं होतं. ते नाणं देवघरात आहे.

अकराच्या सुमाराला पांगापांग झाली. बूट ओळखण्यात अर्धा तास गेला आणि तरी सकाळी दारात दोन डावे उरलेच. इंजिनवाले आजोबा सर्वांत शेवटी निघाले. कॉलरची गुंडी लावत म्हणाले, “पुढच्या वर्षी पुन्हा करायला हवं, नाही?”

माझं तोंड उघडलं होतं. ‘आमच्याकडेच’ एवढं ओठांपर्यंत आलं होतं. तेवढ्यात बायकोने माझ्या पायावर पाय ठेवला आणि कन्येने कोपराने ढोसलं. बारा वर्षांचं शिक्षण शेवटी कामी आलं.

“हाऊ लव्हली,” मी म्हणालो.

भांडी आवरताना बायकोने स्लो-कुकरचं झाकण उघडलं. सहाच्या सहा बाटल्यांची वाइन जशीच्या तशी. कोणी पळीही बुडवली नव्हती. आपल्या लोकांनी ती एकमेकांच्या देखत टाळली होती, आणि इंग्रजांनी पातेल्यावरची देवनागरी चिठ्ठी बघून ठरवलं होतं की खरा माल तिकडे आहे. बायकोने रिकाम्या पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी भिंतीला टेकून उभा होतो, कारण खोली अजून फिरत होती.

“सुंठ होती त्यात,” ती म्हणाली. “झोप जा.”

सोमवारी सकाळी ग्रुपवर इंजिनवाल्या आजोबांचा निरोप आला. कचऱ्याचा हिरवा डबा उद्या, निळा पुढच्या आठवड्यात. आणि पुढच्या वर्षीची कॅरल पार्टीही त्याच घरी, ठीक सातला. यजमानांना विचारलं आहे, ते आनंदाने तयार आहेत.

पहिला अंगठा नऊ नंबरचा होता.